खाडीसाठी रील निवडताना: स्पिनिंग का बेटकास्टर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

मावसभाऊ आज आला होता, जाताना त्याचा बेटकास्टरचा (गरवायच्या रॉडवर वरच्या बाजूला बसणारं रील) अख्खा सेट माझ्याकडे ठेवून गेला. मुंबईत पडूनच असतो म्हणाला, तू डिसेंबरअखेरपर्यंत वापर आणि मग काय ते ठरव. सेट परत जायच्या आत मला दोन गोष्टी ठरवायच्यात म्हणून नोंदी लिहायला घेतोय, दुसरं कोणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट माझी. माझ्याकडे ४००० साइजचं स्पिनिंग रील (हे रॉडच्या खाली बसतं) आहे आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूवर किंवा आरे-वारेच्या खडपात गरवायला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही. प्रश्न येतो काजळी नदीत वर गेल्यावर. तिथे तिवरं पाण्यावर ओणवी झालीत, खाली कालवं धरलेले दगड आहेत, एका जुन्या धक्क्याचे खांब आहेत. तांबोशी (मासा) तिथे बसते आणि लागली की सरळ घरात घुसते, कालवांवर लाइन एकदा घासली की संपलं. अशा जागी बेटकास्टरच पाहिजे असं जो तो सांगतो, पण का पाहिजे विचारलं की "पॉवर असते" यापुढे कोणी जात नाही. मला ते का समजून घ्यायचंय.

दुसरी गोष्ट भाच्याची. दहावीला आहे, परीक्षा झाली की त्याला स्वतःचा पहिला सेट हवाय आणि व्हिडिओ बघून बघून त्याच्या मनात बेटकास्टरच बसलंय. ताईने बजेट सांगितलंय, निवड माझ्यावर सोपवलीय.

४ नोव्हेंबर

दोन्ही रीलं साफ केली आणि दोन्हीवर एकाच रिळातली लाइन भरली, पीई २ ब्रेडेड (पीई म्हणजे विणलेल्या लाइनच्या जाडीचा आकडा), मल्टिकलर, दर १० मीटरला रंग बदलणारी. मुद्दाम तीच घेतली कारण किती लांब गेलं ते रंगांवरून मोजता येतं, पावलं मोजत बसायला नको. खाली आधी थोडी साधी मोनो (एकपदरी नायलॉन) भरून घेतली, ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या चकरीवर) बांधली तर ताण आल्यावर सगळीच्या सगळी स्पूलवर घसरत फिरते. स्पिनिंगच्या स्पूलला काठापासून दोनेक मिलिमीटर जागा सोडली, काठोकाठ भरलं की वेटोळी एकदम सुटतात. रॉड दोन्ही सात फुटी, दोन्हीवर ल्युअरचं (खोट्या आमिषाचं) वजन १० ते ३० ग्रॅम लिहिलेलं, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ होईल. रील इकडचं तिकडे लावून चालत नाही हे नवीन माणसाला आधीच सांगायला हवं, स्पिनिंगचा रॉड खाली रील आणि खाली मोठ्या रिंगा असा असतो, कास्टिंगचा वर रील, वर छोट्या रिंगा आणि बोट अडकवायला खाली ट्रिगर. म्हणजे बेटकास्टर घ्यायचं ठरवलं की रॉडचा खर्च आलाच.

दोन्ही समोरासमोर ठेवली की कामातला फरक लगेच दिसतो. स्पिनिंगमध्ये फेकताना स्पूल जागचा हलत नाही, लाइन त्याच्या कडेवरून वेटोळी सुटत सुटत जाते, ल्युअरला फक्त लाइन ओढायची असते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो आणि तो फिरवायचं काम ल्युअरने करायचं असतं, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने. बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

बेटकास्टरचं मूळ अमेरिकेतल्या केंटकीचं, १८१० ते १८२० च्या आसपास जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने चांगल्या प्रतीची गिअरवाली रीलं बनवली, हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या जास्त फेऱ्या. स्पिनिंगचं पेटंट १९०५ चं, इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थचं, आणि तो कापडगिरणीच्या धंद्यातला. बॉबिनवरून सूत सुटताना पाहणाऱ्या माणसाला स्थिर स्पूलची कल्पना यावी आणि घड्याळजीला गिअरची, हे मला फार आवडतं. दोघांची कारागिरी अजून रीलमध्ये दिसते.

आणखी एक मोजलं. हँडलची एक पूर्ण फेरी मारली की किती लाइन आत येते? स्पिनिंगवर गिअरचा रेशो ६.२ ला १ लिहिलाय, म्हणजे हँडलच्या एका फेरीत लाइनची ६.२ वेटोळी, आली १०१ सेंटिमीटर. बेटकास्टरवर ७.२ ला १ लिहिलंय आणि आली ७७. रेशो जास्त आणि लाइन कमी, कारण स्पिनिंगच्या स्पूलचा व्यास ५२ मिलिमीटर आहे आणि बेटकास्टरचा ३४. दुकानात नुसता रेशो बघून "हे फास्ट आहे" म्हणणाऱ्यांनी स्पूलचा व्यास पण बघावा. बॉक्सवर बहुतेक वेळा एका फेरीला किती सेंटिमीटर ते छापलेलं असतं, तो आकडा खरा कामाचा.

६ नोव्हेंबर

अंगणात प्रॅक्टिस, पाण्यावर जायच्या आधी हे केलेलं बरं. बेटकास्टरला दोन ठिकाणी सेटिंग असतं. हँडलच्या बाजूची छोटी चकती म्हणजे स्पूलचं टेन्शन. रॉड आडवा धरायचा, टोकाशी ल्युअर लोंबत ठेवायचा, अंगठ्याखालचा बार दाबून सोडायचा, ल्युअर सावकाश खाली आला पाहिजे आणि जमिनीला टेकल्याबरोबर स्पूल थांबला पाहिजे. फिरत राहिला तर थोडं आवळायचं. ल्युअर बदलला की हे परत. दुसऱ्या बाजूला ब्रेक, मॅग्नेटचा किंवा सेंट्रिफ्युगल म्हणजे फिरताना बाहेर फाकणाऱ्या ठोकळ्यांचा. सेंट्रिफ्युगल सुरुवातीला वेग सर्वांत जास्त असतो तेव्हा जोरात धरतो आणि वेग उतरला की सोडून देतो, मॅग्नेटचा शेवटपर्यंत थोडाथोडा धरून ठेवतो. या रीलमध्ये मॅग्नेट आहे, ० ते १० आकडे. आठवर ठेवून सुरुवात केली.

गुंता होतो कसा तेही नीट बघितलं. हातातून सुटताना ल्युअर जोरात जातो, स्पूलही तेवढाच जोरात फिरायला लागतो, मग हवेमुळे ल्युअर मंदावतो आणि स्पूल मंदावत नाही. स्पूल लाइन देतोय पण पुढे कोणी घेत नाहीये, मग ती तिथल्या तिथे फुगते आणि उलटी गुंडाळली जाते. ब्रेक, टेन्शन आणि अंगठा ही तिन्ही स्पूलला ल्युअरच्या वेगावर आणण्यासाठीच आहेत. अंगठा सगळ्यांत महत्त्वाचा, लाइन फुगतेय हे अंगठ्याला नजरेच्या आधी कळतं, अगदी हलकी गुदगुली होते, त्याच क्षणी टेकवायचा.

सोडवायची पद्धत मावसभावाने दाखवली ती लिहून ठेवतो कारण कात्री काढायची गरज नव्वद टक्के वेळा लागत नाही. अंगठा स्पूलवर घट्ट दाबायचा, तसाच दाबून हँडल दोन फेऱ्या फिरवायचं, मग बार दाबून लाइन हळूच ओढायची. दाबल्यामुळे उभे राहिलेले फास सपाट होतात आणि बरेचसे आपोआप निघून येतात. जिथे अडेल तिथे आडवी गेलेली लाइन दिसते, ती नखाने उचलायची, परत दाबायचं, परत फिरवायचं. घाईघाईत खेचलं तर साधा फास गाठ होऊन बसतो.

१० नोव्हेंबर, भाट्ये

कार्तिकातली नवमी, म्हणजे भांग, उधाणाच्या उलट. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट केली की पावणेसात, सकाळी साधारण तेव्हाच भरती पूर्ण. पाण्याला ओढ कमी, मासा मिळायची फारशी आशा नव्हती, पण आज मोजायचंच काम होतं. सुरूच्या बनाला पाठ करून उभा राहिलो, सकाळी मतलई वारा पाठीमागून हलका.

७ ग्रॅमचा जिगहेड (शिसं बसवलेली गरी) आणि त्यावर सॉफ्ट प्लास्टिकचं आमिष: स्पिनिंगने ३५ मीटरच्या आसपास, बेटकास्टरने वीस-बावीस, आणि तेही जपून, कारण एवढ्याशा वजनाला हा स्पूल नीट फिरवताच येत नाही. १४ ग्रॅमला स्पिनिंग ५० ला थोडं कमी, बेटकास्टर ४० च्या पुढे. २१ ला दोन्ही पंचावन्नच्या आसपास. २८ ग्रॅमचा लोखंडी जिग लावला आणि बेटकास्टर साठ पार करून गेलं, स्पिनिंग त्याच्या किंचित मागे. वर स्पिनिंगला पहिल्या बोटाच्या पेरावर ब्रेडेडचा वळ उठला, कारण सुटेपर्यंत सगळं वजन त्या एका बोटावर असतं. रोज जड ल्युअर फेकणाऱ्याने बोटाला टोपण घालावं, पेर कापलं जाणं काही दुर्मीळ नाही.

लोक "लांब काय जातं" असं विचारतात त्याचं उत्तर हे असं आहे, वजन सांगा मग सांगतो. माझ्या या दोन सेटमध्ये २० ग्रॅमच्या आसपास दोघांची बरोबरी होते. अगदी हलक्या ल्युअरसाठी उथळ, हलक्या स्पूलचे बेटकास्टर मिळतात, बीएफएस म्हणतात त्यांना, ३-४ ग्रॅमसुद्धा फेकतात, पण त्यावर बारीक लाइन बसते आणि आपल्या खाडीत कालवांच्या शेजारी बारीक लाइन घेऊन काय करणार.

अकराच्या पुढे वारा फिरला, खारे वारे समोरून अंगावर यायला लागले. आता बेटकास्टरचा ब्रेक पूर्ण दहावर नेला तरी अंगठा सतत ठेवावा लागत होता, वारा ल्युअरला अडवतो आणि स्पूलला अडवत नाही ना. स्पिनिंगचं अंतर कमी झालं पण फेकताना विचार करावा लागत नव्हता. वाऱ्यात स्पिनिंगचा त्रास वेगळा, ल्युअर पाण्यात पडल्यावर वाऱ्याने लाइनला झोळ पडतो, तो झोळ तसाच सैल गुंडाळला गेला की पुढच्या फेकीला एकदम दहा-बारा वेटोळी एकत्र सुटतात आणि रिंगेत गाठ अडकते. उपाय एकच, स्पूलवर लाइन गुंडाळणारी तारेची कडी हँडल मारून नाही तर हाताने बंद करायची, लाइन एकदा चिमटीत ओढून ताठ करायची आणि मगच फिरवायला सुरुवात करायची. मी हे प्रत्येक फेकीला करतो, सवय झाली की वेळ लागत नाही, आणि पीळ पण कमी बसतो.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा

रात्रीची भरती सव्वाअकराच्या सुमारास, उधाणाची. देवळात त्रिपूर लावून झाल्यावर राजिवड्याच्या बाजूला गेलो. चाचा तिथे नेहमीचे, हातात नुसती दोरी आणि शिसं, गरीला कोळंबी. रील वगैरे त्यांना लागत नाही आणि शेंगाळे-गोबरे आमच्या आधी त्यांनाच लागतात.

चांदणं होतं तरी रात्री स्पूलवर काय चाललंय ते दिसत नाही, आणि हेडलॅम्प पाण्यावर मारला तर चाचाच ओरडतात. बेटकास्टर दोनदा वापरून पिशवीत ठेवलं. ल्युअर कुठे पडणार ते दिसत नसेल तर अंगठा कधी दाबायचा ते नेमकं कळत नाही, पाण्यावर आपटल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. रात्रीला स्पिनिंग, यात मला काहीच शंका नाही.

१७ नोव्हेंबर, काजळी, तिवरांच्या बाजूला

खालच्या पाण्याला सव्वासातच्या दरम्यान तोंडाशी ओहोटी संपते, वर पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे आठपासून चढत्या पाण्यात छान दोन तास मिळाले. छोटी होडी, दोघं जण, मित्र वल्ह्यावर.

इथे अंतराचा प्रश्नच नाही, पंधरा-वीस मीटरच्या आतली फेक. प्रश्न नेमकेपणाचा. तिवराच्या फांदीखाली दीड-दोन फुटांचा काळोखा कोपरा असतो, ल्युअर त्यात पडला पाहिजे. एक फूट पुढे गेला तर मुळांत, दोन फूट अलीकडे राहिला तर तांबोशी बाहेर येत नाही. बेटकास्टरने ल्युअर पाण्याला लागून खालून सोडायचा आणि अंगठ्याने अलगद थांबवायचा, अर्ध्या तासात हे इतकं जमायला लागलं की मित्राने वल्हं ठेवून बघायला सुरुवात केली. स्पिनिंगनेही जमतं, डावा हात किंवा पहिलं बोट स्पूलच्या काठाला लावून वेटोळी अडवता येतात, पण तिथे अडवणं कमी-जास्त होतं, अंगठ्यासारखं हवं तिथे थांबत नाही.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच आहे. बेटकास्टरने ल्युअर पाण्यात पडतो त्या क्षणी अंगठा स्पूलवर असतोच, म्हणजे लाइन ताठ. हँडल इंचभर फिरलं की रील लागलेलं. स्पिनिंगमध्ये ल्युअर पडला, कडी बंद केली, झोळ ओढला, मग हँडल, यात चांगला हात असला तरी एक-दीड सेकंद जातो. आणि तांबोशी नेमकी त्याच सेकंदात घेते. पाण्यावर टप् झालं की खालून उसळी, कित्येकदा ल्युअरला हालचाल द्यायच्या आधीच. सैल लाइनवर तिने घेतलं की आपण ताण देईपर्यंत ती मुळांत पोचलेली असते. आज बेटकास्टरवर दोन लागल्या, दोन्ही ल्युअर पडल्या पडल्या, आणि दोन्ही होडीत आल्या. मोठी दोन किलोला थोडी कमी असेल. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत तो तांबूस लाल रंग, पाण्याबाहेर काढल्यावर पहिल्या मिनिटात जसा दिसतो तसा बाजारात कधी दिसत नाही.

इतकी वर्षं "पॉवर" म्हणून जे ऐकत आलो ते बहुतेक हे आहे. पॉवरचं वेगळं मोजून बघायला हवं.

२० नोव्हेंबर

मोजलं. ताणकाटा लाइनला बांधून ड्रॅग (माशाने जोरात ओढलं की लाइन सुटू देणारा ब्रेक) तपासला. स्पिनिंगच्या बॉक्सवर मॅक्स ड्रॅग ११ किलो, बेटकास्टरच्या बॉक्सवर ६. म्हणजे कागदावर स्पिनिंगच दणकट. आणि आपण तेवढा लावतच नाही, पीई २ म्हणजे साधारण ३० पाउंड, साडेतेरा किलो, गाठीत थोडी ताकद जाते, त्यामुळे ड्रॅग चारच्या आसपास, अडचणीच्या जागी फार तर पाच. ते दोन्ही रीलं आरामात देतात.

मग बेटकास्टर ताकदवान का वाटतं? त्यात स्पूलचा आस आणि हँडलचा आस समांतर, लाइन समोरून सरळ येऊन गुंडाळली जाते. स्पिनिंगमध्ये लाइन रोलरवरून काटकोनात वळते आणि गिअरलाही फिरणं काटकोनात वळवावं लागतं. ताणाखाली हँडल मारताना हे हाताला जाणवतं, चार किलोचं वजन लटकवून बघितलं तर बेटकास्टर सरळ गुंडाळत जातं आणि स्पिनिंग कण्हतं. स्पिनिंगने मासा हँडलवर ओढायचा नसतोच, रॉड उचलून मासा वर आणायचा आणि रॉड खाली नेताना लाइन गुंडाळून घ्यायची. मोकळ्या पाण्यात ते उत्तम चालतं, होडीतून तिवराखाली मात्र रॉड उचलायला वर फांद्या असतात.

२४ नोव्हेंबर

परत नवमी, परत भांग, पाणी मेलेलं. पूर्णगडला मुचकुंदीच्या तोंडाशी गेलो होतो, दोन्ही रीलांवर काहीही नाही. एक छोटा गोबरा सोडून दिला.

१ डिसेंबर

अमावस्या, उधाण, सव्वाअकराला भरती. भाच्याला घेऊन भाट्याला गेलो, पुस्तकं घरी ठेवून दोन तास सुट्टी, ताईची परवानगी काढूनच. त्याला आधी बेटकास्टर दिलं कारण तेच हवं होतं. टेन्शन आवळून, ब्रेक दहावर, २१ ग्रॅमचा ल्युअर. पोरगा हुशार आहे, अंगठ्याचं तंत्र पटकन कळलं त्याला, पण पाऊण तासात निम्मा वेळ गुंते सोडवण्यातच गेला आणि ल्युअर पाण्यात असेल तरच मासा लागतो. मग स्पिनिंग दिलं. पाच मिनिटांत चाळीस मीटर फेकत होता. मग मी काही सांगायच्या आधीच त्याने ल्युअर काढून छोटी गरी आणि कोळंबीचा तुकडा लावला, शिसं बारीक, आणि मुडदुशी काढली. हातभर आनंद झाला त्याला, मलाही.

आणि मुद्दा तिथेच आहे. सुरुवातीला पोरं जे गरवतात ते मुडदुशी, काळुंद्र, छोटे शेंगाळे, म्हणजे बारीक गरी, हलकं शिसं, ५ ते १० ग्रॅम. हे सगळं स्पिनिंगचं काम. "मामा पण प्रो लोक..." असं त्याने एकदा म्हणून बघितलं, मी त्याला सांगितलं की जे लोक व्हिडिओत दिसतात त्यांच्या होडीत दोन्ही प्रकारचे रॉड पडलेले असतात, नीट बघ. घरी जाऊन त्याने खरंच बघितलं आणि मेसेज केला की हो, आहेत.

त्याचं नक्की झालं. ३००० साइजचं स्पिनिंग, सात फुटी रॉड, ५ ते २१ ग्रॅम, पीई १.५. हँडल डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे बसतं त्यामुळे तो प्रश्नच नाही.

८ डिसेंबर

आज पाण्यावर नाही, दिवसभर साफसफाई. खाऱ्या पाण्यात कोणतं रील जास्त टिकतं हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

स्पिनिंगमध्ये सर्वांत आधी जातो तो लाइन रोलर, ओली खारी लाइन सतत त्यावरून जाते, आतला बेअरिंग गंजला की रोलर फिरायचा बंद होतो आणि ब्रेडेड एकाच जागी घासून त्याला खाच पाडते. बोटाने फिरवून बघायचा, खरखर आली की उघडायचा, एक थेंब तेल. बेटकास्टरमध्ये जीव असतो लेव्हल वाइंडमध्ये, म्हणजे लाइन डावी-उजवी नेणारी छोटी खिडकी आणि तिच्यामागचा पीळवाला दांडा. तो दांडा उघडा असतो. वाळूचा एक कण खाचेत गेला की कुरकुर सुरू. म्हणून बेटकास्टर वाळूवर आडवं ठेवायचंच नाही, कधीच नाही, होडीत किंवा धक्क्यावर ठीक. आज दाताच्या ब्रशने दांडा घासला तर मिठाची बारीक पांढरी पूड निघाली, एवढं सगळं प्रत्येक वेळी धुतल्यावरही.

धुताना ड्रॅग आवळायचा, गोड्या पाण्याची हलकी धार, नळाचा किंवा गाडी धुवायच्या पाइपचा जोर नाही, त्या जोराने मीठ आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं आणि मग ड्रॅग सैल सोडायचा, वॉशर दबून राहत नाहीत. एवढं केलं तर दोन्ही टिकतात, पण किनाऱ्यावर लाटांत उभं राहून गरवणाऱ्याला मी स्पिनिंगच सांगेन, त्यात उघडे भाग कमी.

१५ डिसेंबर

मार्गशीर्ष पौर्णिमा, कालच दत्तजयंती झाली. उधाण, सव्वाअकराची भरती, पहाटे पाचपासून चढतं पाणी. खाडीच्या तोंडाच्या आत, रुंद पात्रात, जिताड्यासाठी. सिंधुदुर्ग-गोव्यात याला चोणक म्हणतात, आमच्या मित्रमंडळात दोन्ही नावं चालतात.

इथे मी दोन्ही सेट नेले आणि स्पिनिंगच हातात राहिलं. पात्र मोकळं, बोईंचे थवे चाळीस-पन्नास मीटरवर वर येत होते, १४ ग्रॅमचा तरंगता ल्युअर तिथपर्यंत पोचवायचा होता. साडेसातच्या सुमाराला थव्याच्या कडेला पडला, दोन झटके दिले, थांबवला, आणि जिताड्याने घेतला. जिताडा तांबोशीसारखा पळून घुसत नाही, वर उड्या मारतो, तोंड उघडून डोकं झाडतो. त्या वेळी लागतो मऊ, न अडखळणारा ड्रॅग आणि झोळ झटकन भरून काढणारं रील, एका फेरीला एक मीटर लाइन म्हणजे काय ते तेव्हा कळतं, उडी मारून आपल्याकडे धावला की ७७ सेंटिमीटरवाल्याने हँडल किती मारायचं. लीडर (ल्युअरच्या आधीचा जाड लाइनचा तुकडा) ४० पाउंडचा होता, त्याच्या कल्ल्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, लीडर खडबडीत झालेला दिसला. साडेतीन किलोच्या आसपास भरला असता. जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, म्हणून मोठे मी सोडतो, हा मधला होता, तोही सोडला. घरी कालवणाला बाजारातून आणलं, पेण-अलिबागकडचा तळ्यातला जिताडा तिकडे गेलं की आणतोच.

२२ डिसेंबर

मावसभावाला फोन केला. सेट परत नेतोय तो पुढच्या रविवारी, आणि मी माझा घेतोय.

काजळीच्या तिवरांसाठी बेटकास्टर, २०० साइज, ७ च्या आसपास रेशो, पण हँडल डावीकडचं. यावर मी अडून बसणार आहे. स्पिनिंगसारखं बेटकास्टरचं हँडल बाजू बदलून लावता येत नाही, घेतानाच ठरवावं लागतं, आणि दुकानात पुढे केलं जातं ते बहुधा उजवं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवं हँडल घेतलं की ल्युअर पडल्यावर रॉड या हातातून त्या हातात घ्यायचा, म्हणजे जो सेकंद वाचवायला बेटकास्टर घेतलं तोच गेला. मावसभावाचं डावं होतं म्हणून १७ नोव्हेंबरला ते जमलं. कोणाला वर्षानुवर्षं उजव्याची सवय असेल आणि रॉड हवेतच बदलता येत असेल तर त्यांचं त्यांनी ठरवावं.

रॉड साडेसहा फुटी, सातपेक्षा अर्धा फूट कमी, फांद्यांखालून खालच्या बाजूने सोडायला बरा. १० ते २८ ग्रॅम. लाइन पीई ३, तिथे लांब फेकायचंच नाहीये तर बारीक लाइनचा फायदा काय, जाड लाइन कालवांपुढे थोडी तरी टिकेल. लीडर ५० पाउंड, दीड मीटर, ब्रेडेडला जोडायला एफजी गाठ.

४००० स्पिनिंग आहे तसंच राहील, वाळू, खडप, रात्र आणि जिताडा. ज्याला दोनपैकी एकच घ्यायचंय आणि जो आठवड्याला वेगवेगळ्या जागी जातो, त्याने डोळे मिटून हेच घ्यावं. होडी आहे आणि तिवरं जवळ आहेत अशा माणसाने पहिलं स्पिनिंग घेऊन दुसरं बेटकास्टर घ्यावं, पण दुसरं नक्की घ्यावं.

ऑर्डर दिली, डाव्या हँडलचं मागवावं लागलं, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. भाच्याचं मार्चमध्ये, पेपर संपल्यावर. जानेवारीच्या पहिल्या उधाणाला नवं रील घेऊन काजळीत जाणार, ब्रेकचं सेटिंग कोणत्या ल्युअरला किती लागतं ते तेव्हा लिहीन.